चाळीस टक्के आणि दाराबाहेरची काठी

निवृत्तीनंतर निदान लग्नाच्या पंगतीत तरी सुखानं जेवता यावं, एवढीच माझी अपेक्षा होती. ती पुरी झालेली नाही. गेल्या उन्हाळ्यात नागभीडकडच्या एका लग्नात मी नुकता वरणभात कालवला होता, तर शेजारी बसलेली म्हातारी मला निरखून बघत म्हणाली, "तुमी त्या निराधारवाल्या बाई न?"

मी हो म्हटलं. तिथंच फसले.

"मंग माहा पगार काऊन बंद झाला, सांगा बरं."

मठ्ठा येऊन गेला, जिलेबी येऊन गेली, वऱ्हाडी मंडळी हात धुऊन उठली, तरी तिचं आधार कार्ड, तिचं बँकेचं खातं आणि तिचा जावई यांच्यातून मी काही बाहेर आले नव्हते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात मी कारकून होते. कुठल्या ते सांगत नाही, तिथली माणसं अजून बाजारात भेटतात. माझ्याकडे निराधार शाखा होती. ज्यांना कोणी नाही असे म्हातारे, विधवा, अपंग यांना सरकार महिन्याला थोडे पैसे देतं, ते मिळवून द्यायचं हे टेबल. गावात या पैशाला अनुदान किंवा पेन्शन कोणी म्हणत नाही. पगार म्हणतात. आणि आपला पगार कोण अडवून बसलं असेल, तर ती टेबलामागची बाई, याबद्दल कोणाच्या मनात कधी शंका नसते.

बाहेरच्यांना वाटतं, म्हातारा माणूस आला, अर्ज दिला, पैसे सुरू. तसं नसतं. वयाचा पुरावा लागतो. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म आधार कार्डावर एक जानेवारीचा, कारण विचारणाऱ्याला घाई होती आणि सांगणाऱ्याला आठवत नव्हतं. उत्पन्नाचा दाखला लागतो. मग तलाठी गावात जाऊन चौकशी करतो, मग समितीची बैठक होते, ती कधी होईल हे समितीलाही ठाऊक नसतं. अपंग असेल तर त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांच्या बोर्डासमोर उभं राहावं लागतं. बोर्ड तपासून टक्के देतं. चाळीस किंवा जास्त आले तर अर्ज पुढे, नाहीतर घरी. हे मी रोज इतक्या वेळा सांगितलं आहे, की झोपेत सुद्धा सांगते, असं आमच्या घरचे म्हणतात.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हयातीच्या दाखल्याचा. वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर पैसे थांबतात. यात लोकांना अपमान वाटतो. समोर येऊन, टेबलावर हात आपटून, "बाई, मी मेलो दिसून राह्यलो का तुमाले?" असं विचारणारे मी कितीतरी पाहिले. दिसत नाही हो, पण कॉम्प्युटरला दिसता. माझी एक मैत्रीण भामरागडला याच टेबलावर होती. तिकडे पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला की पलीकडच्या गावांतली सगळीच मंडळी कागदावर मरून पडतात. पाणी उतरलं की तीच चिखल तुडवत येतात आणि परत उठून बसतात. ती बिचारी तरी काय करणार, नियम पुण्या-मुंबईच्या रस्त्यांकडे बघून केलेला.

दुसरा प्रश्न, पैसे कुठे गेले. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. कुठलं खातं जोडलंय, हे खातेदार सोडून बँकेतल्या सगळ्यांना माहीत असतं. आणि तिसरा प्रश्न विचारायला माझे स्वतःचे दीर. ते ऊर्जानगरला औष्णिक वीज केंद्रात होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनचं काही अडलं, की मला फोन. "वहिनी, तुझ्या खात्याचं काम आहे." ते माझं खातं नाही, त्याचं ऑफिस वेगळं, माणसं वेगळी, भांडणसुद्धा वेगळं, हे सांगून माझा घसा कोरडा पडला. साऱ्या पेन्शनी एकाच नळातून येतात, आणि त्याची चावी माझ्या पर्समध्ये असते, असं आमच्या सगळ्या नातेवाइकांना वाटतं.

पण खरं सांगू? या प्रश्नांनी मी वैतागले तरी मोडले नाही. मला मोडलं ते आमच्या माणसांच्या सभ्यपणानं.

मोहर्लीकडची एक म्हातारी होती. मुलगा जंगल सफारीच्या जिप्सीवर ड्रायव्हर, बायको-पोरं घेऊन वेगळा राहणारा. म्हातारी एकटी, शेजारीपाजारी कोणी भाजी दिली तर जेवायची. तलाठी चौकशीला गेला आणि नेमका मुलगा तिथं भेटला. चार लोक जमलेले. तलाठ्यानं विचारलं, आईला कोण सांभाळतं? मुलगा छाती काढून म्हणाला, "मी सांभाळतो साहेब, मी हावो ना." चार लोकांपुढं आणखी काय म्हणणार! आणि म्हातारीनंही मान डोलावली. गावापुढं पोराची इज्जत जाऊ देईल ती आई कसली? अर्ज नामंजूर. मी तिला विचारलं, का हो मान डोलावली? तर म्हणे, "असं कसं म्हनावं बाई, पोसत नाई म्हनून?" मी फाइल मिटली आणि बाहेर जाऊन पाणी प्यायले.

या सगळ्यांवर कडी केली ती डोमाभाऊंनी.

डोमाभाऊ ढिवर. आमच्या भागात जुने मालगुजारी तलाव आहेत, मामा तलाव म्हणतात त्यांना. त्यातली मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या ढिवरांची. डोमाभाऊ एकदा ओलं जाळं खांद्यावर घेऊन तलावाच्या पाळीवरून उतरताना खाली दगडांवर पडले. खुब्याचं हाड मोडलं. गावातल्याच कोणीतरी बांबूच्या कांब्या लावून बांधलं, आणि ते हाड वेडंवाकडं जुळून बसलं. एक पाय आखूड झाला. पाण्यात उतरणं संपलं, डोंगा वल्हवणं संपलं. घर चालवायला राहिली सायत्राबाई, त्यांची बायको. रोवणीच्या दिवसांत भाताच्या बांधीत वाकून रोपं लावायची, कापणीला जायचं, बाकीचे दिवस मिळेल ती मजुरी. तिचेही गुडघे गेलेले. डोमाभाऊंचा पगार सुरू झाला, तर सायत्राबाईला वर्षातले काही महिने तरी घरी बसता येईल, यासाठी हा सगळा खटाटोप.

पहिल्यांदा दोघं माझ्यासमोर आले ते बोर्डाचं प्रमाणपत्र घेऊन. टक्के चाळीसच्या खाली. मी सरळ सांगून टाकलं, यात बसत नाही. डोमाभाऊ "बरं जी" म्हणाले आणि वळले. वळताना त्यांनी माझ्या टेबलाची कड धरली, मग खुर्चीची पाठ, मग कपाटाचं हँडल, मग दाराची चौकट. अशी एकेक वस्तू धरत तो माणूस बाहेर चालला होता. मी उठून मागे गेले. उंबऱ्याच्या पलीकडं त्यांच्या चपला होत्या, आणि चपलांच्या शेजारी भिंतीला टेकवून नीट ठेवलेली बांबूची काठी.

"काठी बाहेर का ठेवली हो?"

"साहेब लोकायपुढं काठी घेऊन कसं जावं बाई?" डोमाभाऊ म्हणाले. "भांडाले आला म्हनतीन."

"बोर्डात? डॉक्टरांसमोर जाताना?"

"तिथी बी बाहेरच ठेवली जी. चपलाइपाशी."

मग दोघांना परत आत बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. बोर्डाचा दिवस म्हणून सायत्राबाईनं आदल्या दिवशी धोतर-सदरा धुऊन घडी घातलेला. लग्नाला जावं तसे तयार होऊन डोमाभाऊ गेले. काठी बाहेर. आत भिंत धरत, ओठ दाबून, पण चालत गेले. डॉक्टरनं स्टूल दाखवलं, तर बसले नाहीत. डॉक्टर उभा असताना आपण कसं बसायचं? डॉक्टरनं विचारलं, दुखतं का?

"मंग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, आता बरं हाय साहेब. तुमच्या किरपेनं."

"कृपा कसली? त्यांनी तुम्हाला त्याआधी पाहिलं तरी होतं का?"

"तसं नाई जी. पन म्हनाव लागते न."

"आणि काम करता का, विचारलं असेल."

"इचारलं."

"काय सांगितलं?"

"हो म्हनलं. करतो."

सायत्राबाईनं कपाळावर हात मारला. "मी बाहेर बसली होती बाई. मले आत येऊ नाई देल्लं. नाईतं मी सांगतली असती, हा मानूस रातभर कन्हते म्हनून."

आता यात डॉक्टरला तरी काय बोलायचं? बाहेर व्हरांड्यात शंभर माणसं, आत हा स्वच्छ सदऱ्यातला माणूस ताठ उभा, दुखत नाही म्हणतो, काम करतो म्हणतो. पुण्याच्या माणसाला साधं बोट ठेचलं तरी तो फायलीसकट येतो. आमचा माणूस हाड मोडून येतो आणि साहेबांना वाईट वाटू नये म्हणून बरं आहे म्हणतो. मला डोमाभाऊंचा इतका राग आला की माझा आवाज चढला. पलीकडच्या टेबलावरचे बाबू मान वर करून बघायला लागले.

फेरतपासणीचा अर्ज मीच लिहून दिला. आणि ठरवलं, या वेळी याची तयारी करून घ्यायची. तपासणीच्या आधी दोघांना बोलावलं. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिस रिकामं असताना, मी डॉक्टर झाले.

"काठी हातात ठेवायची. काहीही झालं तरी सोडायची नाही. बसा म्हटलं तर बसायचं. कळलं?"

"हो जी."

"दुखतं का?"

"थोडं."

"थोडं नाही! रात्री झोप लागते का तुम्हाला?"

"नाई लागत."

"मग तेच सांगायचं. काम करता का?"

डोमाभाऊ हातातल्या काठीकडे बघायला लागले.

"डोमाभाऊ, काम होतं का तुमच्यानं?"

"जाळं विनतो ना बाई मी. घरी बसून. गावचे सारेच जाळे माह्याच हातचे हायत."

ते खरं होतं. नंतर गावातल्या लोकांनीही तेच सांगितलं. तलावावरची तरुण पोरं नायलॉनचं तयार जाळं आणायची, ते फाटलं की डोमाभाऊंकडे यायची, आणि चांगलं जाळं पाहिजे असेल तर डोमाभाऊंकडूनच विणून घ्यायची. त्याचे पैसे मिळायचे नाहीत. एखाद्या दिवशी कोणी मासे आणून द्यायचं, तेवढंच. पण पडल्यापासून त्या माणसाजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मला दिसत होते टक्के.

"त्याला काम नाही म्हणत," मी म्हटलं. "पाण्यात उतरता येतं का? ओझं उचलता येतं? मग नाही म्हणायचं. एकच शब्द. म्हणा बघू."

"हो म्हना न," सायत्राबाई कावून म्हणाली. मग जीभ चावली. "म्हंजे, नाई म्हना न!"

आम्ही तिघंही हसलो. पण डोमाभाऊंनी तो शब्द काही माझ्यासमोर उच्चारला नाही.

फेरतपासणीच्या दिवशी मला कलेक्टर ऑफिसात कागद द्यायचेच होते, तेव्हा दवाखान्यात जाऊन पोचले. दारावरच्या शिपायाला बजावलं, या भाऊंची काठी बाहेर ठेवू देऊ नका. तो चांगला माणूस होता, मला आत दारापाशी उभं राहू दिलं. या वेळचे डॉक्टर वेगळे. त्यांनी एक्स-रे बघितला, टेबलावर निजवून पाय वाकवून बघितला, टेपनं दोन्ही पाय मोजले. डोमाभाऊंच्या तोंडून कण्हणं निघालं, तेही अपराध्यासारखं. शेवटी डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, "काम होतं का काही?"

डोमाभाऊंनी जमिनीकडे पाहिलं. मी दाराशी उभी राहून मनातल्या मनात ओरडत होते.

"नाई," ते म्हणाले.

टक्के आले. चाळीसच्या बरेच वर. समितीची बैठकही कधी नव्हे ती वेळेवर झाली, आणि पगार सुरू झाला. त्या दिवशी मी घरी सगळ्यांना पुरणाचं जेवण घातलं, असं सांगितलं तर खोटं होईल. पण भाजीत तेल जरा जास्त घातलं. इतक्या वर्षांत असे दिवस आले असतील ते बोटांवर मोजण्यासारखे. मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटत होता, हे कशाला लपवू?

काही महिन्यांनी सायत्राबाई एकटीच ऑफिसात आली. मला वाटलं, पगार थांबला. मी लगेच कॉम्प्युटर उघडायला लागले.

"पगार येते बाई," ती म्हणाली. "तुमी एकडाव त्याच्यासंग बोला. तो जाळं हाती धरत नाई."

"म्हणजे?"

"पगार आला तवापासून सोडलं त्यानं. दिवसभर खाटेवर बसून राह्यते. पोरं जाळं घेऊन येतेत, तर परत धाडते. काऊन म्हनून इचारलं, तं म्हनते, सरकारपुढं काम नाई म्हनलं मी."

हयातीच्या शिबिराला त्यांच्या गावी जायचंच होतं. ग्रामपंचायतीतलं काम उरकून मी त्यांच्या घरी गेले. ओसरीवर खुंटीला अर्धं विणलेलं जाळं टांगलेलं, त्याच्यावर धूळ. डोमाभाऊ खाटेवर. मला बघून उठायला लागले, मी हातानंच बसवलं.

"डोमाभाऊ, हे काय चालवलंय?"

"काई नाई जी."

"जाळं का नाही विणत?"

"नाई म्हनलं न जी मी तिथी."

"अहो, टक्के तुमच्या खुब्याचे आहेत, हाताचे नाहीत! विणलं म्हणून कोणी पगार बंद करत नाही. आणि घरात बसून विणलं तर कळणार आहे कोणाला?"

"मले कळते न," डोमाभाऊ म्हणाले.

मी तिथं ओसरीवर उभी राहून त्या माणसाशी भांडले. नियम सांगितले, कलम सांगितलं, माझी सगळी नोकरी पणाला लावली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, नाई म्हना म्हनल्या, तं मी म्हनलं. आता तुमी विना म्हनता. त्या डॉक्टरसायबाले इचारून पाहू का एकडाव?"

माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, आणि ते त्यांनी किती जपून सांगितलं! सायत्राबाई आतून चहा घेऊन आली तो मी गुपचूप प्यायले.

पुढच्या बोर्डाच्या दिवशी मी रजा टाकून दोघांना घेऊन गेले. गर्दी होती. तेच डॉक्टर चहासाठी थांबले तेव्हा शिपायानं आम्हाला आत सोडलं. कशाबद्दल आलो हे डॉक्टरांना कळेना. इथले पेशंट टक्के कमी पडले म्हणून येतात, नाहीतर वाढवून मागायला. डोमाभाऊ हात जोडून म्हणाले, "साहेब, मी जाळं विनतो. बसल्या बसल्या. त्या दिवशी मी काम नाई करत म्हनून सांगतलं. तं विनू का आता?"

डॉक्टरांनी हातातला पेला खाली ठेवला.

"हात चांगले आहेत ना तुमचे? मग विणा की. पाय गेला म्हणून हात बांधून बसायचं असतं का? कोणी नको म्हटलं तुम्हाला?"

मी दोन पावलांवर उभी होते. सायत्राबाई माझ्याकडे बघत होती. डोमाभाऊंनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"कोनी नाई जी साहेब," ते म्हणाले. "माहंच समजन्यात चुकलं."

साहेबापुढं पुन्हा तेच, सभ्यपणानं स्वतःच्या अंगावर घेणं. ज्या सवयीपायी मी या माणसावर भर ऑफिसात ओरडले होते, ती त्यानं या वेळी माझ्यासाठी वापरली. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींपैकी एकही दाखवायची ती जागा नव्हती. डॉक्टरांनी पुढच्याला हाक मारली.

बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण डोमाभाऊंचं लक्ष नव्हतं. ते सायत्राबाईला घाई करत होते. "चाल ना वो लवकर. आत्ताची यष्टी भेटली तं उजेड हाय तवा घरी पोचू. अर्धं जाळं पडून हाय तसंच."